शाप्ताल गल्लीतले नाटकघर

पॅरिस शहराच्या उत्तरेला, मोंमार्त्रची टेकडी चढू लागण्याच्या जरा अलीकडे, पिगालची वस्ती लागते. रात्री जागणारी आणि दिवसा झोपणारी अशी तिची जुनी ख्याती. या वस्तीतल्या शाप्ताल रस्त्याला एक फरसबंद बोळ फुटतो आणि थोडे अंतर जाऊन संपतो. पुढे वाट नाही. बोळाच्या टोकाला एक लहानसे नाटकघर आहे. १८९७ ते १९६२ अशी पासष्ट वर्षे या घरात जवळजवळ रोज रात्री कोणाचा तरी गळा कापला जाई, कोणाचे डोळे काढले जात, कोणाच्या तोंडावर तेजाब पडे. आणि हे पाहण्यासाठी चांगले खातेपिते, शिकलेसवरलेले लोक तिकीट काढून, ठेवणीतले कपडे घालून येत. या घराचे नाव ग्रां गिन्योल.

रंगभूमीच्या इतिहासात त्याला फार तर अर्धे पान मिळते, आणि ते देतानाही इतिहासकाराने नाक मुरडलेले असते. सवंग, रक्तबंबाळ, उथळ अशी चार विशेषणे लावून तो घाईघाईने इब्सेन-स्ट्रिंडबर्गकडे वळतो. ही विशेषणे खोटी आहेत असे मला म्हणायचे नाही. परंतु जी गोष्ट तीन पिढ्यांना रात्री घराबाहेर काढू शकली तिच्यात रक्ताखेरीज काही नव्हतेच, असे धरून चालणे हा आळस आहे. कोणता समाज कशाला हसत होता याची चौकशी आपण आवडीने करतो. तो कशाला भीत होता याचीही करायला हरकत नाही.

हे घर मुळात नाटकासाठी बांधलेलेच नव्हे. ते एक प्रार्थनामंदिर होते. दिदाँ नावाच्या एका नामांकित डोमिनिकन धर्मोपदेशकाची प्रवचने तिथे होत. पुढे जॉर्ज रोशग्रोस या चित्रकाराने त्यात आपली चित्रशाळा थाटली, आणि त्यानंतर ते नाटकवाल्यांच्या हाती आले. नाटकवाल्यांनी देवळाचे देऊळपण काढून टाकले नाही. त्यासाठी पैसा नव्हता म्हणा, की धूर्तपणाने म्हणा. छताजवळ दोन मोठे लाकडी देवदूत लोंबकळत राहिले. भिंतींना गॉथिक धाटणीचे लाकूडकाम तसेच राहिले. बाजूच्या खास बैठकींना जाळ्या होत्या; त्यामुळे त्या पाद्रीबुवांपुढे पापाची कबुली देण्याच्या कोठड्यांसारख्या दिसत. आत जागा तीनशेहूनही कमी. पॅरिसमधले ते सर्वांत लहान नाटकघर मानले जाई. रंगमंच एखाद्या वाड्यातल्या माजघराएवढा. पहिल्या रांगेतल्या माणसाने हात लांब केला तर नटाशी हस्तांदोलन करता येईल, असे लोक गमतीने म्हणत.

ही गंमत नीट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण साऱ्या प्रकरणाची किल्ली तिच्यात आहे. आपल्याकडे विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला पहिला खेळ केला आणि पौराणिक नाटकांची जी परंपरा सुरू झाली तिच्यातही भय होतेच. चेहरा रंगवलेला राक्षस तलवार परजीत, ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकीत येई आणि पुढे बसलेली पोरेसोरे आयांच्या पदराआड दडत. पण ते भय सणासुदीचे. राक्षस ओळखीचा, त्याचा वध ठरलेला, आणि वध करणारा देव पुढच्याच प्रवेशात यायचा असे. शाप्ताल गल्लीत राक्षस नव्हता. तिथे तुमच्या-माझ्यासारखा कोट घातलेला गृहस्थ तीन हातांवर उभा राहून बोलू लागे, त्याचा श्वास ऐकू येई, त्याच्या कपाळावरचा घाम दिसे. आणि त्याच्या हाताशी असलेल्या मेजावर सुरी ठेवलेली असे. देव यायचा नव्हता. वर टांगलेले दोघे लाकडी होते.

नाटकघर काढणारा ऑस्कार मेतेनिए हा गृहस्थ पूर्वी पोलीस कमिशनरच्या कचेरीत चिटणीस होता. देहान्ताची शिक्षा झालेल्या कैद्यांच्या अखेरच्या घटकांत हजर राहणे, हेही त्याच्या कामात येई. चोर, वेश्या, रस्त्यावरचे गुंड यांची भाषा त्याने पुस्तकातून उचललेली नव्हती. आंद्रे आंत्वानने १८८७ साली ‘तेआत्र लीब्र’ म्हणजे मुक्त रंगभूमी काढली, तीत मेतेनिए होता. जीवन जसे आहे तसे दाखवायचे, हा तिथला मंत्र. मेतेनिएने तो मंत्र गटारापर्यंत नेला. गिन्योल हे लियाँ शहरातल्या एका बाहुल्याचे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो जन्मला आणि साऱ्या फ्रान्समधल्या पोरांचा लाडका झाला. मेतेनिएने त्याच्यामागे ‘ग्रां’ म्हणजे थोरला हे विशेषण जोडले. मोठ्यांचा बाहुल्यांचा खेळ, असा त्याचा अर्थ. मोपासांच्या ‘मादमोआझेल फिफी’ या कथेवरचे नाटक त्याने सुरुवातीलाच लावले. त्यात वेश्या रंगमंचावर आल्यामुळे पोलिसांनी ते बंद पाडले. दुसऱ्या एका नाटकात अशीच एक बाई हॉटेलच्या खोलीत गिऱ्हाइकाबरोबर एकटी असते. वर्तमानपत्रातली खुनाची बातमी ती वाचते आणि तिच्या ध्यानात येते की हा तोच. नाटकाचे नाव नुसते ‘तो!’. प्रेक्षकाला तिच्याबरोबर त्या खोलीत कोंडून घालायचे, ही युक्ती इथे प्रथम सापडली. त्या नाटकघरात खोली आणि प्रेक्षागार यांत तसाही फार फरक नव्हता.

वर्ष-दीड वर्षात मेतेनिए बाजूला झाला आणि १८९८ साली माक्स मोरे आला. मेतेनिए लेखक होता, मोरे व्यापारी. वास्तववाद लोकांना पुरेसा ओढत नाही, भय ओढते, हे त्याने हेरले आणि दुकानाची पाटी बदलली. किती प्रेक्षक मूर्च्छित पडले यावर तो नाटकाचे यश मोजी असे सांगतात. त्याने नाटकघरात डॉक्टर नेमून ठेवला. याची जाहिरात अर्थातच झाली. एका रात्री कोणा गृहस्थाची बायको घेरी येऊन पडली, त्याने डॉक्टर डॉक्टर म्हणून हाका मारल्या, तेव्हा डॉक्टरसाहेब स्वतःच बेशुद्ध आहेत असे समजले, ही कथा त्या काळी पॅरिसभर फिरली. ती खरी असो वा मोरेच्या कचेरीत रचलेली असो, दुसऱ्या दिवशी तिकिटे जास्त खपली असणार.

मोरेचे खरे कसब रात्रीची मांडणी करण्यात होते. एका रात्री पाच-सहा छोटी नाटके होत. एक भयाचे झाले की एक फार्स, मग पुन्हा भयाचे. फ्रेंच लोक या पद्धतीला ‘स्कॉटिश स्नान’ म्हणत. एकदा कढत पाणी, एकदा गार. हसून अंग सैल पडलेला माणूस भयाला लवकर सापडतो. याचे नवल वाटायला नको. आपल्या गडकऱ्यांनी १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त तळीरामाचे आर्य मदिरामंडळ आणि सिंधूचे हाल असेच आलटून पालटून ठेवले आहेत. दारूच्या धुंदीत बापाच्या हातून पोटचे पोर जाते तो प्रवेश, आधीच्या हास्याच्या पार्श्वभूमीवर, अंगावर काटा आणतो. मात्र गडकऱ्यांना आपल्याकडून रडू हवे होते. मोरेला रडू नको होते. रडणारा माणूस मोकळा होतो, आणि मोरेला तो मोकळा व्हायला नको होता.

आता, हा माल त्याच काळात, त्याच शहरात इतका का खपावा? एका गोष्टीचा फारसा उल्लेख होत नाही, पण मला ती महत्त्वाची वाटते. नोत्र दाम या थोर देवळाच्या मागे पॅरिसचे शवागार होते. नदीत सापडलेली, रस्त्यात पडलेली बेवारशी प्रेते काचेआड मांडून ठेवीत, ओळख पटावी म्हणून. ओळख पटवायला येणारे थोडे, बघे हजारो. बायामुले येत, कामगार दुपारच्या सुट्टीत येत, परगावचे पाहुणे तर मुद्दाम येत. प्रवेश फुकट होता. १९०७ साली हे दार लोकांना बंद झाले. देहान्ताची शिक्षा मात्र फ्रान्समध्ये चव्हाट्यावरच होत राहिली, ती थेट १९३९ च्या जूनपर्यंत. वाइडमान नावाच्या खुन्याचे डोके व्हर्सायला गर्दीसमोर उडवले गेले, ते शेवटचे. म्हणजे ग्रां गिन्योलमध्ये जो प्रेक्षक बसला होता त्याला खरे प्रेत, खरी गिलोटिन आणि वर्तमानपत्रातले रंगीत खून या सर्वांची सवय होती. शवागाराच्या काचेपुढे उभे राहणाऱ्याला एक गोष्ट मिळत नव्हती: हे घडले कसे, घडताना त्या माणसाला काय वाटले. काचेआड निकाल तेवढा मांडलेला असे. त्याच्या आधीची दहा मिनिटे शाप्ताल गल्लीत विकली जात.

ती दहा मिनिटे लिहिणारा खरा कारागीर आंद्रे द लॉर्द. याचा उद्योग ऐकून हसू येते. हा आर्सनाल ग्रंथालयात ग्रंथपाल होता. दिवसा जुन्या पोथ्यांत, रात्री रक्तात. शंभराहून अधिक नाटके त्याने लिहिली आणि ‘भयाचा राजपुत्र’ ही पदवी मिळवली. वडील डॉक्टर. तपासणीच्या खोलीच्या दाराला कान लावून लहानपणी तो रोग्यांचे विव्हळणे ऐके. त्याची भीती मोडावी म्हणून वडिलांनी त्याला मेलेल्या आजीजवळ रात्रभर बसवले. भीती मोडली नाही. तिच्यावर पुढे त्याने आयुष्यभर चरितार्थ चालवला.

पण याहून चकित करणारे नाव त्याच्या सहलेखकाचे आहे: आल्फ्रेद बिने. मुलांची बुद्धी मोजण्याची जी मोजपट्टी आज शाळाशाळांतून निरनिराळ्या रूपांत वापरली जाते, ती १९०५ साली सिमाँच्या साहाय्याने तयार करणारा हाच तो मानसशास्त्रज्ञ. तरुणपणी तो साल्पेत्रिएर या प्रचंड रुग्णालयात शार्कोच्या हाताखाली होता. वेड म्हणजे काय, ते येते कसे, शहाण्यात आणि वेड्यात अंतर किती, हे त्याने खाटेशेजारी उभे राहून पाहिले होते. द लॉर्दने त्याला गाठले आणि दोघांनी मिळून नाटके लिहिली. १९०९ सालच्या ‘भयंकर प्रयोग’ या नाटकात एक डॉक्टर आपल्या मेलेल्या मुलीचे हृदय पुन्हा चालू करू पाहतो. तिचा हात हलतो, आखडतो, आणि वाकलेल्या बापाच्या गळ्याभोवती आवळला जातो. बाप मरतो. मुलगी जिवंत झाली की नुसते स्नायू आकसले, याचे उत्तर नाटक देत नाही.

या नाटकांत भुताखेताला थारा नव्हता, हे मराठी वाचकाला विशेष वाटेल. आपल्या भीतीच्या गोष्टी मुंजा, हडळ, वेताळ, पिंपळ आणि अमावास्या यांच्या भोवती फिरतात. शाप्ताल गल्लीत पिंपळ नाही. तिथे आहेत ती इस्पितळे, वेड्यांची घरे, प्रयोगशाळा, दीपगृहे, दूरध्वनी. द लॉर्दच्या ‘साल्पेत्रिएरमधला एक धडा’ या १९०८ च्या नाटकात एका रोगी मुलीवर शिकाऊ डॉक्टरने परस्पर प्रयोग केलेला असतो. तिच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, कारण ती वेडी ठरलेली आहे. शेवटी ती भर वर्गात त्या डॉक्टराच्या तोंडावर तेजाब टाकते. प्रेक्षक किंकाळी फोडतो ती तेजाबामुळे; पण घरी जाताना त्याच्या मनात राहते ते आधीचे, तिचे न ऐकले गेलेले बोलणे. पोच्या कथेवरून घेतलेल्या १९०३ च्या नाटकात दोन पत्रकार वेड्यांचे इस्पितळ पाहायला जातात. प्रमुख मोठ्या अगत्याने त्यांना आपली नवी उपचारपद्धती समजावून सांगतो. बाहेर वादळ होत असते. हळूहळू कळते की रोग्यांनी इस्पितळ ताब्यात घेतले आहे आणि समोर बसलेला हा अगत्यशील गृहस्थ त्यांच्यातलाच आहे. प्रेक्षकाला इतका वेळ त्याच्यात काही वावगे दिसले नव्हते. त्या अर्ध्या तासात प्रेक्षकही फसलेला असतो, आणि भीती असते ती याची.

द लॉर्दचे माझ्या मते सर्वांत थोर नाटक म्हणजे ‘दूरध्वनीवर’. शार्ल फोले याच्याबरोबर लिहिलेले हे नाटक १९०१ साली पहिल्याने आंत्वानच्या रंगभूमीवर झाले. पण ओळखले जाते ते ग्रां गिन्योलचे म्हणूनच. कथा चार ओळींची. एक गृहस्थ बायको-मुलाला आडबाजूच्या बंगल्यात ठेवून कामासाठी पॅरिसला येतो. रात्री बायकोचा दूरध्वनी येतो. बाहेर काहीतरी वाजते आहे. तो तिची समजूत घालतो, थोडा हसतोही. पुन्हा घंटा वाजते. आता पावले आहेत. मग दार. मग तो ऐकतो. रंगमंचावर एक दिवाणखाना आहे, काही मित्रमंडळी आहेत आणि यंत्र कानाला लावलेला एक माणूस आहे. रक्ताचा थेंब नाही, सुरी नाही, खुनी नाही, बळीही नाही. जे घडते ते कित्येक कोसांवर घडते आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसते. दूरध्वनी तेव्हा नवलाईची वस्तू होती. दूरचे माणूस जवळ आणणारी म्हणून तिचे कौतुक चालले होते. द लॉर्दने तिच्यातली दुसरी बाजू पाहिली. आवाज जवळ येतो, हात पोचत नाही. पुढे अमेरिकेत ग्रिफिथने १९०९ साली याच कल्पनेवर ‘द लोनली व्हिला’ हा मूकपट काढला. त्यात नवरा धावत सुटतो आणि वेळेवर पोचतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांत मूळ नाटकाचा जीव गेला.

असो. रक्तही होतेच, आणि त्याचेही शास्त्र होते. पॉल रातिनो हा नट आणि रंगमंच-व्यवस्थापक त्या शास्त्राचा आचार्य. कार्मिन नावाचा किरमिजी रंग आणि ग्लिसरीन समभाग घेऊन रक्त बनवीत. ते गरम असताना पातळ वाही आणि निवताना गोठे, खऱ्यासारखेच. सुऱ्यांची पाती मुठीत मागे सरत. हे ज्ञान बाहेर जाऊ नये म्हणून फार जपत. पण साधने दुय्यम. जिथे प्रेक्षक तीन हातांवर आहे तिथे हात क्षणभर चुकला, पाते अडकले, रक्त चुकीच्या बाजूने आले, की सारे नाटकघर खो खो हसणार. आणि एकदा हसलेला प्रेक्षक त्या नाटकापुरता गेलाच. म्हणून हे नट जादूगारासारखे काम करीत. नजर तिसरीकडेच नेऊन ठेवायची आणि इकडे कारभार उरकायचा. हालचाल सावकाश. एका अंकात प्रत्यक्ष हिंसा क्षण-दोन क्षणांची. बाकीचा सगळा वेळ तिची वाट पाहण्यात जाई.

मृत्यू प्रत्यक्ष अंकात दाखवू नये, तो सुचवावा, असा आपल्या संस्कृत नाटकाचा संकेत. भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखे अपवाद आहेत, पण ते अपवादच. भयानक आणि बीभत्स या दोन्ही रसांना भरताने मानाची जागा दिली ती हा संकेत सांभाळून. ग्रां गिन्योलने तो मोडला असे वरवर पाहता वाटते. मला वाटते, त्याने तो वेगळ्या वाटेने पाळला. याची साक्ष मराठी रंगभूमीनेच अभावितपणे दिलेली आहे. विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ १९७० साली श्रीराम लागूंनी रंगभूमीवर आणले. त्यात लाथेने गर्भपात घडवलेल्या स्त्रीच्या लुगड्यावरचा लाल डाग परिनिरीक्षण मंडळाला खुपला. तेव्हा डाग निळा करण्यात आला, आणि प्रयोगापूर्वी तसे जाहीर करण्यात आले: डाग निळा असला तरी प्रेक्षकांनी तो लाल समजावा. लाल डाग प्रेक्षकाने पाहिला असता. निळा डाग त्याला स्वतःच रंगवून घ्यावा लागला. रातिनोला ही युक्ती कळली असती तर ग्लिसरीनचा खर्च वाचला असता.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कामीय श्वाझीकडे कारभार आला. भयाला लागणारी खरी यंत्रसामग्री जमवण्याचा याला भारी नाद; एका नाटकासाठी त्याने शस्त्रक्रियेच्या खोलीचे सगळे सामान विकत घेतले अशी हकीकत सांगतात. याच्याच काळात, १९१७ साली, पोला माक्सा ही नटी आली. जगातली सर्वांत अधिक वेळा खून झालेली स्त्री, अशी तिची प्रसिद्धी. दहा हजारांवर वेळा, साठांहून अधिक प्रकारे ती मेली, असा हिशेब तिच्या नावावर मांडला जाई. आकडा जाहिरातीचा आहे हे उघड आहे. पण त्याच्या निम्म्याने जरी खरा धरला तरी विचार करण्यासारखी गोष्ट आहे. रोज रात्री गळा दाबून घ्यायचा, किंकाळी फोडायची, पडदा पडला की उठून रक्त धुवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मरायला यायचे. त्या नाटकघरात बळी बहुधा बाईच असे, आणि बघायला बसलेल्यांतले कित्येक जाळीच्या बैठकीत कोणाची तरी सोबत घेऊन बसलेले. ग्रां गिन्योलचे कौतुक करणारे इथे घाईने पुढे जातात. पुढे जाक जूव्हँच्या कारभारात माक्साला तिथून निघावे लागले. १९७० साली ती वारली.

दुसरीही एक अडचण आहे. १९०४ सालच्या ‘शेवटची यातना’ या नाटकात चीनमधल्या फ्रेंच वकिलातीला बॉक्सर बंडवाल्यांनी वेढा घातलेला आहे. हात तोडलेला शिपाई आत येतो. आता आपलीही हीच गत, असे धरून वकील आपल्या मुलीला स्वतःच्या हाताने गोळी घालतो. आणि बाहेर सुटकेच्या फौजांचा आवाज येतो. नाट्य म्हणून हा शेवट विलक्षण आहे. परंतु साल्पेत्रिएरच्या नाटकात ज्या लेखकाने भीतीमागचा अन्याय दाखवला, त्याला इथे बंड का झाले हे विचारावेसेही वाटले नाही. भिंतीपलीकडचा चिनी हा नुसता आवाज आहे. पेकिंगच्या वकिलाती १४ ऑगस्ट १९०० ला ज्या फौजांनी सोडवल्या त्यांत शीख आणि रजपूत पलटणी आघाडीवर होत्या. एका गुलाम देशाचे शिपाई दुसऱ्या देशाला नमवायला निघाले होते. भयाचा विषय म्हणून हा कितीतरी मोठा होता.

लंडनला हा खेळ १९२० ते १९२२ असा दोन वर्षे चालला. जोझे लेव्ही याने स्ट्रँडजवळचे ‘लिटल थिएटर’ घेतले. सिबिल थॉर्नडाइक आणि लुइस कॅसन यांच्यासारखे मातब्बर नट मिळवले. तरुण नोएल कॉवर्डनेही एक छोटे नाटक दिले. पण तिथे लॉर्ड चेंबरलेनची परवानगी लागे आणि ती नाटकामागून नाटकाला नाकारली गेली.

पॅरिसच्या घराला परवानगीची अडचण नव्हती. त्याला मारले ते इतिहासाने. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्येही ते चालू राहिले आणि जर्मन सैनिक तिथे येऊन बसत. पिंजऱ्यात वाघ दाखवायचा आणि प्रेक्षकांत वाघच बसलेला, अशी ती अवस्था. १९४५ नंतर छळछावण्यांची छायाचित्रे साऱ्या जगाने पाहिली. भयंकर प्रयोग करणारा डॉक्टर ही आता द लॉर्दची कल्पना राहिली नव्हती. न्युरेम्बर्गला तसल्या डॉक्टरांवर खटले चालले. शेवटचा व्यवस्थापक शार्ल नोनाँ याने स्वतःच हे कारण सांगितले. युद्धापूर्वी लोकांना वाटे की रंगमंचावर दिसते ते कधी घडणे शक्य नाही. आता त्यांना ठाऊक झाले आहे की ते आणि त्याहूनही वाईट घडते, असे त्याच्या म्हणण्याचे तात्पर्य. इतकी वर्षे शाप्ताल गल्लीतला प्रेक्षक एका अलिखित करारावर भीत होता. बोळातून बाहेर पडलो, दिव्याखाली आलो, की हे संपले, हा तो करार. तो मोडला. त्या शेवटच्या वर्षांत लोक नको तिथे हसू लागले होते. शिवाय सिनेमाने चेहरा नटीच्या आईलाही दिसला नसेल इतका जवळ आणून दाखवायला सुरुवात केली होती. १९६० सालीच हिचकॉकचा ‘सायको’ आला. १९६२ साली ग्रां गिन्योल बंद पडले.

घर मात्र उभे आहे. २००७ पासून तिथे ‘इंटरनॅशनल व्हिज्युअल थिएटर’ ही बहिऱ्यांची नाट्यसंस्था नांदते आहे. १९७६ साली ती निघाली. तिथे खुणांच्या भाषेत नाटके होतात आणि ती भाषा शिकवलीही जाते. ग्रां गिन्योल भरात होते त्या काळी फ्रान्समधल्या बहिऱ्या मुलांना हीच भाषा शाळेत वापरायची बंदी होती. १८८० सालच्या मिलानच्या परिषदेने मुक्याबहिऱ्यांना तोंडाने बोलायलाच शिकवावे असे ठरवले, आणि बहुतेक युरोपाने ते मानले. मुलांनी हातांनी बोलू नये म्हणून शिक्षक त्यांच्यावर नजर ठेवीत. पुढे १९०९ साली दोघा संशोधकांनी ही पद्धत तपासून पाहिली. ज्यांना बोलायला शिकवले होते अशा बहिऱ्यांना त्यांनी गाठले आणि या शिकवलेल्या बोलण्यावर परक्या माणसाशी व्यवहार करता येतो का ते पाहिले. येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. तो फारसा कोणी मनावर घेतला नाही. त्या दोघांतला एक सिमाँ होता, आणि दुसरा आल्फ्रेद बिने. त्याच वर्षी त्याचा ‘भयंकर प्रयोग’ शाप्ताल गल्लीत चालू होता.